हार्टलपूलची सहल, ६४० पौंड आणि एक मुंबईकर जहाज

प्रेषक: खजिनदार
विषय: गणपतीचे उरलेले पैसे

नमस्कार मंडळी,

गणपतीचा हिशोब एकदाचा लागला. हॉलचं भाडं, मूर्ती, प्रसाद, ढोलवाल्यांचं पेट्रोल सगळं वजा जाता ६४० पौंड शिल्लक आहेत. (हो, शिल्लक. मीही बेरीज दोनदा केली.)

मे महिन्यातली आपल्या मंडळाची सहल, इथल्याच ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हार्टलपूलची, ठरलेलीच आहे. वार्षिक सभेत मागच्या रांगेतून कोणीतरी सुचवलं की 'ट्रिंकोमाली' बघायला जातोच आहोत, तर यातले काही पैसे त्या जहाजाच्या देखभालीला देऊ या. टाळ्या पडल्या. पण टाळ्या म्हणजे ठराव नव्हे, म्हणून इथे विचारते. रविवारपर्यंत मतं कळवा.

नवीन सभासदांसाठी: 'ट्रिंकोमाली' हे ब्रिटिश नौदलाचं जुनं शिडाचं लढाऊ जहाज. बांधलं मात्र मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांनी. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं. आज ते आपल्यापासून गाडीने तासाभरावर उभं आहे.

— खजिनदार


प्रेषक: स्टॉक्टनचा कोल्हापूरकर
विषय: उत्तर: गणपतीचे उरलेले पैसे

माझा विरोध. स्पष्टच लिहितो, राग मानू नका.

जहाज राणीच्या नाहीतर राजाच्या आरमाराचं. बांधणारे वाडिया पारशी, लाकूड मलबारचं. यात मराठी काय आहे? आणि आपली स्वतःची विमानवाहू नौका विक्रांत? १९७१ ला चटगाव आणि कॉक्स बाजारवर जिच्यावरून विमानं उडाली, ती आपण २०१४ मध्ये साधारण ६० कोटींना भंगारात घातली. मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात, गॅस कटर लावून तिचे तुकडे केले. तेव्हा कोणाला वर्गणी सुचली नाही. आता इंग्रजांच्या तोफांना रंग द्यायला आपण खिशात हात घालायचा?

गावाकडच्या एखाद्या शाळेला द्या की राव. दोन कॉम्प्युटर तरी येतील.


प्रेषक: सुंदरलँडची वहिनी
विषय: उत्तर: उत्तर: गणपतीचे उरलेले पैसे

पैशांचं तुम्ही ठरवा. जहाजावर बाबागाडी चढते का? आणि जेवण आपण न्यायचं की तिथे मिळतं?


प्रेषक: साउथ शील्ड्सचे काका
विषय: उत्तर: उत्तर: गणपतीचे उरलेले पैसे

वहिनी, बाबागाडी धक्क्यापर्यंत येईल, पुढे कडेवर घ्या. खालच्या डेकवर मीसुद्धा वाकूनच चालतो.

कोल्हापूरकर, तुमचा मुद्दा टाकाऊ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

१९८८ साली मी जहाजावरच्या इंजिनीअरच्या क्लास वन परीक्षेसाठी साउथ शील्ड्सला आलो. आम्हा लोकांची ही काशीच. तेव्हा इथून जवळच हेबर्नला 'कॅव्हेलियर' नावाची विनाशिका येऊन पडली होती. दुसऱ्या महायुद्धातली. साउथ टाइनसाइडच्या नगरपालिकेने आदल्याच वर्षी ती ७०,००० पौंडांना घेतली होती. टाइन नदीकाठच्या जहाजबांधणीचं मोठं संग्रहालय काढायचं आणि ही त्याचा मानबिंदू, असा बेत. विकत घ्यायचे पैसे जमले, पण पुढचे कुठून आणायचे ते कोणाला माहीत नव्हतं. १९९६ मध्ये बेत गुंडाळला. दोन वर्षांनी ती दक्षिणेत चॅटमला गेली, तिथे मात्र तिची नीट निगा राखली जाते. बर्कनहेडला फॉकलंड युद्धातली 'प्लिमथ' होती. ती सांभाळणारा ट्रस्टच २००६ मध्ये बुडाला आणि जहाज २०१४ मध्ये तुर्कस्तानात तुटलं. विक्रांत तुटली तेच वर्ष. तेव्हा इंग्रज सांभाळतात आणि आपण विकतो, हे काही तितकंसं खरं नाही.

आता खर्चाचं गणित. लोकांना वाटतं जहाज उभंच तर आहे, खर्च कसला? खर्च उभं राहण्याचाच असतो. चालतं जहाज दर काही वर्षांनी सुक्या गोदीत जातं, तळ खरवडला जातो, पत्रा पातळ झाला असेल तर बदलला जातो. कमाई चालू असते म्हणून मालकाला ते परवडतं. संग्रहालय झालं की कमाई तिकिटाची, तळ मात्र तसाच खाऱ्या पाण्यात. लोक वरचा डेक बघतात, फोटो काढतात. गंज पाण्याच्या रेषेखाली असतो. तिथे नेऊन कोणा मंत्र्याच्या हस्ते फीत कापता येत नाही, म्हणून त्याला पैसेही मिळत नाहीत.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचं उदाहरण घ्या. 'टेक्सास' ही युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय आहे. दोन्ही महायुद्धं लढलेली, राज्याचा जीव तिच्यावर. १९९० नंतर ती गोदीत गेली ती थेट २०२२ मध्ये! मधली बत्तीस वर्षं आत शिरणारं पाणी पंपाने उपसत काढली. शेवटी २०१९ मध्ये राज्याने साडेतीन कोटी डॉलर दिले आणि सांगितलं, यापुढे तुमचं तुम्ही बघा. दुरुस्ती सुरू झाल्यावर तेवढेही पुरले नाहीत. आमच्या धंद्यातला कोणीही हे आधीच सांगू शकला असता. पत्रा उघडल्याशिवाय खालचं कळत नाही.

आता विक्रांत. २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा बऱ्याच जागा दोर लावून बंद केलेल्या होत्या, आणि ते बघून मी समजलो. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती बंदच झाली. पुढे राज्य सरकारने खर्च झेपत नाही असं सांगितलं, जनहित याचिका फेटाळली गेली आणि लिलाव झाला. दोनशे मीटरहून लांब पोलादी जहाज. त्याला दरवर्षी लागणारा पैसा कोणत्याही अर्थसंकल्पात पक्का बांधलेला नव्हता. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या वेळी तर गंमतच. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने निवतीजवळच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींची योजना मंजूर केली, आणि २०२० मध्ये ती ३८.५४ कोटींना अलंगला भंगारात गेली. ८५२ चा आकडा ऐकून मला तेव्हाच शंका आली होती. ज्यांना खरंच जहाज ठेवायचं असतं ते आधी वर्षाचा खर्च विचारतात.

'ट्रिंकोमाली' टिकली यात नशीबही आहे. सागवानाला अंगचं तेल असतं, त्यातले लोखंडी खिळे ओकमधल्यासारखे सडत नाहीत. आकाराने लहान. आणि ती १९८७ मध्ये हार्टलपूलला आली तेव्हा तिथे तयार हात होते. 'वॉरियर' हे जुनं लोखंडी जहाज आठ वर्षं खपून त्याच गावाने नुकतंच नवं करून दिलं होतं. गावातल्या ग्रेच्या जहाजबांधणी कारखान्याला १९६२ मध्येच टाळं लागलेलं, पोलादाचं कामही गेलेलं. त्यामुळे माणसांनाही काम हवंच होतं. तरी दुरुस्तीला २००१ उजाडलं आणि एक कोटी पाच लाख पौंड लागले.

राहता राहिलं मराठीपण. विक्रांत बांधायला घेतली ती आपल्या न्यूकॅसलला, टाइनच्या काठी. १९४५ मध्ये तिथेच पाण्यात उतरली, तेव्हा नाव 'हर्क्युलिस'. म्हणजे आमच्या टाइनचं जहाज तुमच्या मुंबईत तुटलं आणि मुंबईचं जहाज इथे हार्टलपूलला नांदतंय. मुंबईत लायन गेटसमोर विक्रांतच्या लोखंडाचं छोटं स्मारक आहे. ते गेट ज्या गोदीचं, त्याच गोदीत ट्रिंकोमाली बांधली. मला एवढं नातं पुरतं. तुम्हाला पुरत नसेल तर वाद नाही.

माझी सूचना: ६४० एकदम देऊ नका. एकदम दिलेल्या पैशातून पाटी लागते. दरवर्षी ५० द्या, दहा वर्षं, आणि पत्रात लिहा की दोरखंड, डांबर, रंग यालाच वापरा.

— काका


प्रेषक: डरहॅमची मावशी
विषय: उत्तर: दरवर्षी ५०

काकांचं एक राहून गेलं. लाकूडही काही अमर नसतं. बदललेल्या फळ्या तिथल्या वाटाड्यांना विचारा, ते हौसेने दाखवतात. आणि पोलादी जहाज जगवायचंच असेल तर पाण्याबाहेर काढावं. जपानने 'मिकासा' ही जुनी युद्धनौका १९२० च्या दशकातच योकोसुकाच्या किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये बसवली. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी २००२ पासून वाळूवर उभी आहे, मी भाच्यांना घेऊन गेले होते, बाहेर ही रांग! पाणबुडी लहान पडते हे कबूल, विक्रांत कोण कुठल्या चौपाटीवर ओढणार. पण दीवला 'खुकरी' ही युद्धनौका आहेच, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. मुंबईने बांधायचं आणि दुसऱ्यांनी जपायचं, हे आता परंपरेत जमा करावं का?

५० ला माझं अनुमोदन.


प्रेषक: स्टॉक्टनचा कोल्हापूरकर
विषय: उत्तर: दरवर्षी ५०

काका, विक्रांत इथली हे खरंच माहीत नव्हतं. वीस वर्षं मी टाइनच्या पुलावरून ऑफिसला जातोय.

तरी माझं म्हणणं अर्धं कायम. ५० जहाजाला द्या, ५० शाळेला. दोन्ही दरवर्षी. शाळेलासुद्धा एकदाच कॉम्प्युटर देऊन भागत नाही, तो बिघडला की कोण बघतो?


प्रेषक: खजिनदार
विषय: ठराव आणि डबे

मंडळी,

एकूण नऊ उत्तरं आली, सात जणांना दोन्ही मान्य. पण एक अडचण आहे. आपण नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहोत, घटनेत उद्देश 'मराठी भाषा व संस्कृतीचा प्रसार' असा लिहिला आहे. शाळा सहज बसते. जहाज बसतं की नाही हे विश्वस्तांनी ठरवायचं आणि इतिवृत्तात कारण लिहायचं. मावशी, ते कारण तुम्ही लिहून द्या, चार ओळींत, आणि त्यात परंपरेचा टोमणा नको. काका, दहा वर्षांचं वचन मी देऊ शकत नाही, माझी मुदत मार्चमध्ये संपते. दरवर्षीच्या सभेत विषयपत्रिकेवर ते कायम राहील एवढी सोय करते. पुढचा खजिनदार कोण होतंय तेही याच लिस्टवर कळवा, इतकी उत्तरं तेव्हाही आली तर बरं.

सहलीचं: मिनीबस सकाळी साडेआठला सुटेल. वड्यांची संख्या गुरुवारपर्यंत वहिनींना कळवा. चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात आणा. मागच्या सहलीत सीटवर सांडलेल्या चटणीचे ४० पौंड आपण भरले आहेत, आणि ते गणपतीच्या पैशांतून गेलेले नाहीत हे हिशोबात नमूद आहे.

— खजिनदार