कोजागरीला गच्चीवर जुना टेप लावायचाय, पण कॅसेट खातोय. टीव्ही गेम आणि प्रोजेक्टरबद्दलही विचारायचंय

गोदाकाठ (परभणी)
कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आणि जुन्या कॅसेट असा बेत आहे. त्यानंतर पंधरा दिवसांत दिवाळी, तोवर सगळ्या कॅसेट मोबाईलमध्ये घ्यायच्या आहेत. सामान असं: सहा मोठ्या सेलचा, एका स्पीकरचा टू-इन-वन, भारूड, कीर्तन, कव्वाली आणि घरी भरलेल्या मिळून चाळीसेक कॅसेट, एक टीव्ही गेम, बंदुकीसकट.

टेप लावला की आवाज जाड आणि संथ येतो, दोन मिनिटांत रीळ बाहेर येऊन गुततं. दोन कॅसेटच्या रिळावर पांढरी भुकटी दिसते. रेडिओवर नुसती घरघर. टेप भंगारात द्यावा का दुरुस्त होईल? आणि गच्चीवर पडदा लावायला स्वस्तातला प्रोजेक्टर चालेल का?

रीळवाला (लातूर)
भंगारात अजिबात देऊ नका. जाड आवाज आणि गुतणारं रीळ हे दोन आजार नाहीत, एकच आहे: बेल्ट, म्हणजे मोटरवरून चकत्या फिरवणारा रबरी पट्टा. बेल्ट सैल झाला की घसरतो, म्हणून वेग कमी पडतो. त्याच बेल्टवर रीळ गुंडाळणारी चकतीही फिरते. ती मंदावली की पुढे आलेलं रीळ ओढून घ्यायला कोणी उरत नाही, मग ते रोलरभोवती जमा होतं. बेल्ट बदलेपर्यंत चांगली कॅसेट त्यात घालू नका.

मागचे स्क्रू काढा. एक हमखास सेलच्या डब्यात लपलेला असतो, तो न काढता ओढाताण केली तर प्लॅस्टिकचे खांब तुटतात. आत बेल्ट डांबरासारखा वितळलेला असेल तर हातमोजे घाला, कारण तो डाग कपड्यावरून निघत नाही. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के) लावून पुल्या चकाचक करा. खाचेत जरा जरी डांबर राहिलं तरी नवा बेल्ट उड्या मारतो.

माप असं घ्या. बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवा आणि मोजा. दोरा २४ सेंमी भरला तर पाच-सहा टक्के वजा करून २२.६ सेंमी परिघाचा बेल्ट हवा, म्हणजे व्यास साधारण ७२ मिमी. विकणारा परिघ सांगतोय, व्यास सांगतोय की घडी घालून लांबी, हे आधी विचारा. निम्मे बेल्ट इथंच चुकीचे येतात. फार घट्ट घेतला तर मोटरवर ताण येऊन गाणं हेलकावे खातं.

रबरी रोलरला अल्कोहोल नको, रबर कडक होतं. भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी, मग कोरडं फडकं. हेड (रिळावरचा आवाज वाचणारा भाग) आणि रोलरशेजारची बारीक लोखंडी दांडी मात्र अल्कोहोलनेच पुसायची. तेल म्हणजे शिलाई मशिनचं, सुईच्या टोकावर येईल तेवढा एकच थेंब, दांडीच्या बुडाशी. खोबरेल घालणारे लई आहेत. ते थंडीत गोठतं आणि बेल्टवर पसरलं की पहिल्यापासून सगळं परत.

वेग लावायला मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत पितळी स्क्रू. ओळखीचं गाणं घड्याळ लावून वाजवा. चार मिनिटांच्या गाण्याला दोन सेकंदांचा फरक चालतो, दहाचा नाही. स्क्रू अगदी केसभर फिरवायचा.

सेलच्या डब्यात क्षार साचले असतील तर आधी सेल कोणते होते ते बघा. साध्या सेलची गळती खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, अल्कलाइन सेलची व्हिनेगरने. उलट केलं तर क्षार नुसते पसरतात. नंतर पत्र्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या घासा.

जालना_ऑडिओ
मेकॅनिकल भाग रीळवाल्यांनी नीट सांगितला. आता कॅसेटचं.

पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही कान तोडा. घाईत रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर कीर्तनावर दुधाच्या ग्लासांचा आवाज भरला जाईल. मग कॅसेटच्या तोंडाशी स्पंजाचा तुकडा जागेवर आहे का बघा. तो रीळ हेडवर दाबून धरतो. गोंद सुकून तो पडला की आवाज पुसट आणि खालीवर होतो. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधला पट्टीसकट काढून बसवा. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवूनच लावा, चिकटलेले पदर सुटतात. अडत असेल तर आधी षटकोनी पेन्सिलीने हातानेच.

सी-९० म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेट आधी बाजूला काढा. तिचं रीळ सी-६० पेक्षा पातळ असतं आणि तेच आधी ताणतं. पांढऱ्या भुकटीच्या दोन कॅसेट शेवटी घ्या. ती बुरशी आहे, हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटवर जाईल. स्क्रूचं कव्हर असेल तर उघडून कोरड्या मऊ कापडातून रीळ ओढून घ्या, उघड्यावर आणि तोंडाला मास्क लावून. चिकटवलेलं कव्हर ब्लेडने फोडावं लागतं, मग रीळ दुसऱ्या स्क्रूवाल्या कव्हरात घाला. आतले दोन पातळ कागद आणि कोपऱ्यांतली चाकं विसरू नका. तुटलेल्या रिळाला साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पाझरून शेजारचे पदर चिकटतात. जोडणीची खास टेप मिळते. दोन्ही टोकं तिरकी कापून हेडला न लागणाऱ्या बाजूने जोडा.

रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर घालू नका. ते माईकचा बारीक सिग्नल वाढवायला बनलेलं असतं, आवाज फाटतो. लाईन-इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड घ्या आणि हेडफोनच्या पिनेतून त्यात वायर द्या. टेपचा व्हॉल्यूम चाळीस टक्क्यांच्या आसपास, टोन मध्यावर. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तुमचा टेप एका स्पीकरचा आहे, म्हणून मोनोच घ्या. स्टिरिओत अर्धी फाईल रिकामी राहील. गूं असा आवाज आला तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बहुतेकदा तिथंच मिटतं.

आता ज्यावर कोणी वेळ घालवत नाही ते: हेडचा कोन. घरी भरलेल्या कॅसेट दुसऱ्याच मशिनवर भरलेल्या असतात, म्हणून तुमच्या टेपवर त्या कांबळं पांघरल्यासारख्या वाजतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा इकडेतिकडे फिरवा, आणि टाळांचा आवाज सगळ्यात खणखणीत येईल तिथं थांबा. कीर्तनाच्या कॅसेटपेक्षा चांगलं मोजमाप नाही. प्रत्येक भरलेल्या कॅसेटला हे नव्याने करावं लागतं.

खरखर काढताना गाणं सुरू होण्याआधीचे दोन सेकंद निवडून नमुना द्या आणि ६ ते ९ डेसिबलच कमी करा. त्यापुढे गेलात की गायक विहिरीत उतरल्यासारखा ऐकू येतो. मूळ फाईल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाईलचा प्रकार) जशीच्या तशी ठेवा, साफ केलेली वेगळी. वेळेचा हिशेब धरा: सी-६० ला एक तास लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. चाळीस कॅसेट पंधरा दिवसांत म्हणजे रोज जवळपास तीन.

आठबिटी (नांदेड)
टीव्ही गेमची बंदूक विसरा. ती जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर चित्र ज्या पद्धतीने रेघेरेघेने उमटतं त्यावर चालते. एलईडी टीव्हीवर गोळी लागणारच नाही, बंदूक बिघडलेली नसते. बाकी गेम चालेल. कॅसेटच्या पिनांवर फुंकर मारायची सवय सोडा, थुंकीच्या ओलाव्याने तांबं हिरवं पडतं. खोडरबर, मग अल्कोहोल. चित्र काळंपांढरं आलं तर टीव्हीत कलर सिस्टीम ऑटोवर करा. उडी उशिरा बसत असेल तर गेम मोड लावा. ॲडॉप्टर बदलताना व्होल्ट तर बघाच, पण पिनेच्या आत प्लस आहे का मायनस हेही डब्यावरच्या खुणेशी जुळवा.

प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे हजारोंचे ल्युमेन सोडा, एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. २०० एएनएसआय असेल तर ८० इंची पडद्यावर साधारण ११० लक्स प्रकाश पडतो. पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्ससुद्धा नाही, ते आड येत नाही. आड येतो तो कोपऱ्यावरचा हायमास्ट, म्हणून पडद्याची पाठ त्याच्याकडे करा आणि चादर दुहेरी घ्या. ब्लूटूथ स्पीकरला ओठ आणि आवाज जुळत नाहीत, वायर वापरा. रात्री उशिरा दव पडतं, मशिनवर सुपासारखं काहीतरी आडवं धरा, हवा बंद होईल असं झाकू नका. आणि दहानंतर स्पीकर बंद, तो नियमच आहे.

गोदाकाठ (परभणी)
दोरा २१ सेंमी भरला, म्हणजे बेल्ट १९.८ घेतो. प्रोजेक्टरचं पुढच्या वर्षी बघू. लाईट गेली तर टेप इन्व्हर्टरवर लावला तर चालेल ना?

रीळवाला (लातूर)
स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर गाण्यात भुंगा घुसतो. सहा सेल टाका, गच्चीवर वायरही नको. रेडिओची घरघर बहुतेक घरातल्या एलईडी बल्बची आणि मोबाईल चार्जरची आहे. ते बंद करून सेलवर बघा. मीडियम वेव्हला वरची एरियलची दांडी काही करत नाही, अँटेना आत फेराइटच्या कांडीवर असतो, म्हणून सेटच गोल फिरवा. कांडीचं टोक ज्या दिशेला जातं तिकडचं स्टेशन पडतं, रुंद बाजू त्या दिशेला केली की उठतं. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची, म्हणजे तीही याच दिवसांतली. बेल्ट येईपर्यंत तेवढं तरी वाजवा.