३१ तारखेची मुलाखत: साडेनऊ जीएमटी म्हणजे मिरजेत किती?

शुभांगी, शुक्रवार २१ मार्च २०२५

नमस्कार मंडळी,

मिरजेच्या माझ्या भाचीला, गौरीला, बोलावणं आलं! इथली पीएचडीची स्टुडंटशिप (फी आणि राहणीखर्च देणारी जागा), सोडियम-आयन बॅटरीवरची, जिच्याबद्दल संक्रांतीला बोललो होतो तीच. सोमवारी ३१ ला ऑनलाइन मुलाखत आहे. १० मिनिटं सादरीकरण, मग २० मिनिटं प्रश्न, समोर तिघं जण.

अडलंय ते वेळेवर. मेलमध्ये लिहिलंय 'सकाळी ९.३० जीएमटी', म्हणजे ग्रीनिचची प्रमाणवेळ. आदल्याच दिवशी, रविवारी ३० ला, इथली ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे जातात. मग मिरजेत दुपारचे दोन धरायचे की तीन? माझा भाऊ तीन म्हणतो, गौरी दोन म्हणते, आणि घरात दोन दिवस हेच चाललंय.

शिवाय शनिवारी २९ ला सराव मुलाखत घ्यायला तिघं हवेत. कोण येतं?

विनायककाका, शुक्रवार २१ मार्च

शुभांगी, अभिनंदन. जीएमटी म्हणजे जीएमटी, त्याला उन्हाळा-हिवाळा नाही. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे तीन. लेखी जे आलंय ते धरून चालायचं.

सराव मुलाखतीचं मात्र बाहेरच्या बाहेर ठरवू नका. आपला मार्गदर्शन उपक्रम मी गेली सहा वर्षं बघतोय, त्याची एक पद्धत आहे. छोट्या हॉलमध्ये टेबलामागे तिघं एका ओळीत बसतात, मोठ्या पडद्यावर उमेदवार. मुलांना खऱ्या पॅनेलसमोर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. तीन नावं मी उद्या कळवतो.

प्रसाद, शनिवार २२ मार्च

काका, पुस्तकात बरोबर आहे, व्यवहारात नाही. इथल्या ऑफिसांत निम्मे लोक बाराही महिने जीएमटीच लिहितात. त्यांच्या मनात असते ती भिंतीवरच्या घड्याळातली वेळ. भिंतीवर साडेनऊ, तर मिरजेत दोन.

२०११ मध्ये मी पुण्यात होतो. एप्रिलमधली मुलाखत, मेलमध्ये असंच जीएमटी. मी साडेपाच तास मिळवले आणि इस्त्रीचा शर्ट घालून तासभर उशिरा हजर झालो. पॅनेल उठून गेलं होतं. पुन्हा बोलावलं नाही. ती जागा मला फार हवी होती, म्हणून कळकळीने सांगतोय: दोनच धरा.

सुलभाताई, शनिवार २२ मार्च

वेळेचं तुम्ही बघा, मी हॉलचं सांगते. २९ ला छोटा हॉल मिळणार नाही. रविवारी पाडवा आहे, विसरलात का? शनिवारी सकाळपासून तिथे गुढ्यांचे बांबू, साखरेच्या गाठी आणि श्रीखंडाची पातेली असतील. शेजारच्या खोलीत मुलांचं लेझीम. त्या आवाजात कसली मुलाखत घेणार? हॉलचं बुकिंग जानेवारीतच झालंय आणि ते मी बदलणार नाही.

अनघा, रविवार २३ मार्च

दोन की तीन हे आपण इथे बसून ठरवूच शकत नाही. ज्यांनी मेल पाठवला त्यांना विचारायचं. दोन ओळी पुरतात: 'त्या दिवशी तुमच्याकडे ब्रिटिश समर टाइम असेल, तेव्हा माझी वेळ भारतात दुपारी २ ची धरू ना?' शुभांगीताई, तुमच्या भावाला वाटतंय की विचारलं तर पोरगी बावळट दिसेल. उलट आहे. मी आमच्या विभागात दोनदा पॅनेलवर बसले आहे, असा मेल आला की ऑफिसवाल्यांना हायसं वाटतं. आणि उत्तर येईपर्यंत गौरीने दोन वाजता तयार राहायचं. तास लवकर आलं तर फक्त वाट बघावी लागते.

आज सकाळी मी गौरीशी तासभर बोलले. काका, तुमची परवानगी न घेता बोलले, राग मानू नका, हातात आठवडाच आहे.

पोरगी हुशार आहे. पण अख्ख्या सादरीकरणात एकदाही 'मी' नाही. 'आम्ही नमुने तयार केले, आम्ही मोजमाप घेतलं, सरांनी सुचवलं.' आपल्याकडे 'मी मी' करणं बरं दिसत नाही, मलाही घरी तेच शिकवलं होतं. पण स्टुडंटशिप एका माणसाला द्यायची असते. पॅनेलला कळायला हवं की या मुलीच्या हातांनी काय केलं. 'आम्ही' ऐकलं की त्यांच्या वहीत कोरी जागा राहते.

म्हणून विचारलं, एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासतात त्या चाचणीच्या) आलेखात हे छोटं जादा शिखर कसलं? ती गप्प. मग हळूच म्हणाली, त्या रात्री वीज गेली. नमुना ९०० अंशांवर भट्टीत होता, जनरेटर लागला नाही, भट्टी मध्येच थंड झाली. सकाळी हिने तो नमुना फेकला नाही. आधी त्याचाच एक्सआरडी घेतला, नको असलेली फेज, म्हणजे नमुन्यात तयार झालेली वेगळी स्फटिकरचना, ओळखली, मग पूर्ण बॅच पुन्हा केली आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवले. तीन दिवस गेले. मी म्हटलं, अगं, हे कुठे आहे स्लाइडवर? म्हणे, ती चूक होती म्हणून काढून टाकलं.

मुलाखतीचा जीव त्या तीन दिवसांत आहे. काय बिघडलं, ते कसं ओळखलं, पुढे काय केलं, हेच पॅनेलला ऐकायचं असतं. ती स्लाइड तिने परत घातली आहे.

आणखी एक. उत्तर येत नसेल तर ती मान खाली घालून थांबते, परीक्षेत थांबतात तशी. तिथे 'हे मला ठाऊक नाही, पण मी असं शोधून काढेन' म्हणून मोठ्याने विचार करायचा. एवढ्यासाठीच सराव हवा. त्याला हॉल लागत नाही, झूमवर करू. शनिवारी इथले सकाळचे ९.३०. तेव्हा जीएमटीच असेल, म्हणजे तिचे तीन. सोमवारी मात्र दोन. हे तिने भिंतीवर लिहून लावावं.

विनायककाका, रविवार २३ मार्च

राग नाही. भट्टीची गोष्ट वाचून आनंद झाला. झूम तर झूम, मी पॅनेलवर बसतो.

पण अनघा, तू तिला प्राध्यापकांना नुसत्या नावाने हाक मारायला सांगितलंस असं शुभांगीकडून कळलं. हे मला पटत नाही. मी इथे ३४ वर्षं आहे, तरी मोठ्या माणसाला मी आधी पूर्ण पदवीने हाक मारतो. त्यांनी 'नावाने म्हण' म्हटलं की मग नाव.

अनघा, सोमवार २४ मार्च

काका, मान्य. मेलमध्ये 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव, पुढे ते स्वतः नावाने सही करतील तसं. फक्त प्रत्येक वाक्याला 'सर, सर' नको. पॅनेलवर दोन बायका आहेत.

प्रसाद, सोमवार २४ मार्च

पैशांचं कोणीच बोललं नाही. जाहिरातीत 'फी आणि स्टायपेंड' आहे, पण फी कुठल्या दराने? यूकेआरआयचा, म्हणजे इथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेचा, पैसा २०२१ पासून परदेशी मुलांनाही मिळतो, पण त्यांची संख्या साधारण ३० टक्क्यांपर्यंतच, आणि फीची रक्कम इथल्या मुलांच्या दरानेच येते. परदेशी मुलांची फी त्याहून जास्त असते. तो वरचा फरक काही विद्यापीठं स्वतः सोसतात, सगळी नाही. २०२५-२६ चा स्टायपेंड २०,७८० पौंड आहे. त्यातून फरक भरायची वेळ आली तर जेवायचं काय? हे पॅनेलला नाही, ऑफिसला लेखी विचारायचं, मुलाखतीआधीच.

व्हिसाबरोबर आरोग्य अधिभारही भरायचा असतो, वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम. भावाला आत्ताच सांगून ठेवा. बॅटरीचं साहित्य म्हणजे एटॅस प्रमाणपत्रही (संवेदनशील विषयांसाठी परदेशी विद्यार्थ्यांना लागणारी सरकारी मंजुरी) बहुधा लागेल. त्याला फी नाही, पण आठवडे जातात. ऑफर हातात आली की त्याच दिवशी अर्ज.

शुभांगी, बुधवार २६ मार्च

ऑफिसचं उत्तर आलं. 'चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, यूकेची वेळ ९.३०, भारतात दुपारी २.' आता सगळ्याच उमेदवारांना दुरुस्तीचा मेल गेलाय. प्रसाद, फीचंही विचारलं. वरचा फरक विद्यापीठ सोसणार, तेही लेखी आलंय. माझ्या भावाने तो मेल छापून देवापाशी ठेवलाय.

शनिवारी साडेनऊला विनायककाका, अनघा आणि प्रसाद. लिंक वेगळी पाठवते. गौरी म्हणाली, काकांना सांग, वीज गेल्याचं मला खोदून खोदून विचारा, तिथेच माझी जीभ अडते.

सुलभाताई, सराव साडेदहाला संपेल. श्रीखंडाचा चक्का शुक्रवारी रात्री मीच टांगते आणि अकराला हॉलवर घेऊन येते.