निवडणुकीआधीच्या मतचाचण्यांतून नेत्याचं भवितव्य कितपत कळतं? (निमित्त: कॅनडा २०२५)

बांधावरून:

कॅनडाची २०२५ ची निवडणूक समोर ठेवून विचारतोय. २०२३ च्या मध्यापासून तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष चाचण्यांत पुढे होता. २०२४ संपताना पिएर पॉलिएव यांचा पक्ष ४४-४५ टक्क्यांवर आणि सत्ताधारी लिबरल २०-२२ वर. पंतप्रधानपद खिशात, फक्त तारीख जाहीर व्हायची बाकी, असाच सगळीकडे सूर होता. २८ एप्रिल २०२५ चा निकाल: लिबरल १६९ जागा, कॉन्झर्व्हेटिव्ह १४४. वर पॉलिएव स्वतः त्यांच्या कार्लटन मतदारसंघात हरले.

मग चाचण्या चुकल्या, की वाचणारे चुकले? आणि आपल्याकडे निवडणूक वर्षभर लांब असताना ‘पंतप्रधान म्हणून पसंती कोणाला’ छापाचे आकडे येतात, ते हातात आल्यावर आधी काय बघायचं? ‘सगळे पोल विकलेले असतात’ हे उत्तर कृपया नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

ओटावाकर:

वाचणारे चुकले. कॉन्झर्व्हेटिव्हना प्रत्यक्षात ४१.३ टक्के मतं पडली. डिसेंबरमधले ४४-४५ आणि हे ४१ यांत फार अंतर नाही. २०२१ मध्ये याच पक्षाला ३३.७ टक्के होती, म्हणजे ‘हरलेल्या’ नेत्याने पक्षाची मतं साडेसात टक्क्यांनी वाढवली. चाचण्यांनी त्यांचं बळ जवळपास बरोबर दाखवलं होतं.

उलटापालट झाली ती समोरच्या बाजूला. लिबरल २०-२२ वरून ४३.८ वर गेले. ही मतं आली कुठून? मोठा वाटा एनडीपीचा. जगमीत सिंग यांचा हा डावीकडचा पक्ष २०२१ मध्ये १७.८ टक्क्यांवर होता, तो ६.३ वर आला, हातात उरल्या ७ जागा आणि स्वतः सिंगही हरले. काही मतं ब्लॉक केबेक्वा या क्युबेकपुरत्या पक्षाकडून आली, काही तेव्हाचे लिबरल पंतप्रधान ट्रुडो यांच्यावर रुसून बसलेल्या जुन्या लिबरलांची.

‘२० टक्क्यांची आघाडी’ ही वजाबाकी आहे. वजाबाकीतला वरचा आकडा नेत्याचा स्वतःचा असतो. खालचा आकडा विरोधक किती विखुरलेत यावर ठरतो, आणि तो त्याच्या हातात नसतो. ४४ उणे २२ मध्ये उरलेले ३४ कुठे बसलेत, हे कुणी विचारलंच नाही.

क्रम बघा. १६ डिसेंबर २०२४ ला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांचा राजीनामा. ६ जानेवारीला ट्रुडोंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. १ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी कॅनडावरच्या आयातशुल्काच्या आदेशावर सही केली, ‘५१ वं राज्य’ची भाषा आधीपासून चालूच होती. ९ मार्चला मार्क कार्नी लिबरल पक्षाचे नेते झाले आणि २३ मार्चला त्यांनी निवडणूक पुकारली. ‘ट्रुडो नकोत’ हा पॉलिएव यांच्या प्रचाराचा कणा होता. ट्रुडो आणि त्यांचा ग्राहकांच्या इंधनावरचा कार्बन कर दोन्ही गेल्यावर तो उरला नाही.

आणखी एक खूण आधीपासून दिसत होती. बऱ्याच पाहण्यांत पॉलिएव यांची वैयक्तिक पसंती पक्षाच्या टक्क्यांच्या मागे होती. पक्ष ४५ आणि नेता ४० असेल तर लोक सरकारवर चिडलेत, नेत्यावर भाळलेले नाहीत, असा अर्थ निघतो.

आकडेमोड:

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी फक्त आकडा हातात आल्यावर काय तपासायचं ते लिहितो.

पहिली गोष्ट तारीख, पण बातमीची नव्हे, मुलाखती कधी घेतल्या ती. नॅनोस ही कॅनडातली संस्था निवडणूक जाहीर नसताना दर आठवड्याला आकडे देते, पण ते चार आठवड्यांची सरकती सरासरी असतात: एकूण १००० लोक, दर आठवड्याला २५० नवे येतात, सर्वांत जुने २५० गळतात. समजा आघाडी तीन आठवडे २० होती आणि चौथ्या आठवड्यात घसरून ८ झाली. छापून काय येईल? (२० + २० + २० + ८) भागिले ४ = १७. वाचणारा म्हणतो ‘किंचित घट’, प्रत्यक्षात कडा कोसळलेला असतो. पद्धत खोटी नाही, गोंगाट कमी करायला ती चांगलीच आहे, पण वळणावर ती उशिरा बोलते.

दुसरं, टक्के कशाचे? १००० पैकी १३० जण ‘अजून ठरवलं नाही’ म्हणाले तर ते वगळून उरलेल्या ८७० वर टक्केवारी काढतात. ३६० जणांचा पाठिंबा मग ३६ ऐवजी ४१.४ टक्के दिसतो. कुंपणावरचे १३ टक्के तळटीपेत जातात. निवडणूक जितकी लांब, तितकी ही तळटीप महत्त्वाची.

तिसरं, चूकमर्यादा, म्हणजे खरा आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते. १००० च्या यादृच्छिक नमुन्याला ±३.१ म्हणतात, ती एका पक्षाच्या टक्क्यांसाठी आणि तेही ५० च्या आसपास. दोन पक्षांतल्या फरकाला ती लागू नाही. ४४ विरुद्ध २२ असेल तर फरकावरची मर्यादा जवळपास ±५ येते. आणि त्याच १००० मधून ‘क्युबेकमध्ये अमुक पुढे’ अशी बातमी काढली, तर तिथले साधारण २२० जण धरून ±६.६. अटलांटिक प्रांतांचे ६५ च्या आसपास भरतात, तिथे ±१२. अशा आकड्यावर बातमी करणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

ऑनलाइन पॅनेलवाल्या चाचण्यांना ही चूकमर्यादा मुळात लागू होत नाही, कारण लोक स्वतःहून नाव नोंदवतात. ‘एवढाच यादृच्छिक नमुना असता तर’ अशी पुष्टी जोडून आकडा देतात, ती पुष्टी मराठी बातमीत येईपर्यंत गळून पडते.

बांधावरून:

सरकत्या सरासरीचं डोक्यातच आलं नव्हतं. पण नेत्याच्या पसंतीचा प्रश्न राहिला. आपल्याकडे मथळा त्याचाच असतो.

जुना_जाणता:

त्या प्रश्नावर लिहितो. लोकनीती-सीएसडीएसच्या २०२४ च्या मतदानपूर्व पाहणीत पंतप्रधानपदासाठी मोदींना ४८ टक्के आणि राहुल गांधींना २७ टक्के पसंती होती, म्हणजे २१ चं अंतर. निकालात भाजप ३०३ वरून २४० वर. देशभरातली मतं मात्र ३७.४ वरून ३६.६, एक टक्काही कमी नाही.

नेत्याची पसंती ही एकट्या माणसाची गोष्ट. जागा ५४३ वेगवेगळ्या लढतींतून येतात. पसंतीच्या यादीत विरोधकांची मतं पाच-सहा नावांत फुटतात, पण मतदारसंघात समोर एकच संयुक्त उमेदवार असला की ती एका बटणावर येतात. उत्तर प्रदेशात बसपची मतं १९ टक्क्यांवरून ९ च्या घरात आली. तिथे भाजपची स्वतःचीही आठेक टक्के गेली, त्यामुळे सगळं खापर विरोधकांच्या एकजुटीवर फोडता येणार नाही. तरी ६२ वरून ३३ व्हायला दोन्ही गोष्टी लागल्या.

सत्तेवरच्या माणसाला या प्रश्नात आयता फायदा असतो. नाव रोज कानावर पडतं आणि खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीला शोभतोच. त्याच्या टक्क्यांत अर्धं काम ओळखीचं असतं. प्रश्न यादी वाचून विचारला की न वाचता, यानेही आकडा हलतो. यादी वाचली की कमी ओळखीची नावं वर येतात, न वाचता विचारलं की विद्यमान पंतप्रधान आणि ‘सांगता येत नाही’ हे दोघेच फुगतात. प्रश्नाचे शब्द छापलेले नसतील तर तो आकडा मी बाजूला ठेवतो.

महाराष्ट्राचं उदाहरण तर ताजं आहे. जून २०२४ मध्ये लोकसभेला मविआ ३० जागा आणि महायुती १७, पण मतांतला फरक एक टक्क्याच्याही आत. जागांवरून ‘लाट’ वाचणाऱ्यांनी विधानसभा तेव्हाच मविआला देऊन टाकली. मध्ये २८ जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली, ऑगस्टपासून खात्यात पैसे पडू लागले, आणि नोव्हेंबरात महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनीच २८८ पैकी २३० घेतल्या.

मधलीसुट्टी:

थोडा विरोधी सूर लावतो. कॅनडात एका हिवाळ्यात पंतप्रधान गेला आणि शेजारच्या राष्ट्राध्यक्षाने देश गिळायची भाषा केली. असं दर निवडणुकीला होत नाही. अपवादावरून नियम काढताय. आणि ‘नेता बदलला की पक्ष तरतो’ असा निष्कर्ष काढणार असाल तर कॅनडाचंच १९९३ बघा. किम कॅम्पबेल जूनमध्ये पंतप्रधान झाल्या, उन्हाळ्यात वैयक्तिक लोकप्रियता जोरात होती. ऑक्टोबरात सत्ताधारी पक्षाला दोन जागा मिळाल्या. दोनशे नव्हे, दोन. त्यांची स्वतःचीही गेली.

शिवाय सुरुवातीच्या चाचण्या निकाल सांगत नसतील, पण निकाल घडवतात. लिबरल खासदार ट्रुडोंच्या राजीनाम्यासाठी मागे लागले ते ह्याच आकड्यांमुळे. पोल जर १० टक्क्यांची पिछाडी दाखवत असते तर ट्रुडो राहिले असते आणि बहुधा हरले असते. पॉलिएव यांना त्यांची आघाडीच नडली.

ओटावाकर:

शेवटचा मुद्दा मान्य. अपवादाबद्दल मात्र नाही. ब्रिटन २०१७ घ्या, तिथे ना ट्रम्प ना नेताबदल. १८ एप्रिलला पंतप्रधान थेरेसा मे यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली तेव्हा आघाडी २० च्या आसपास. ८ जूनला मे यांच्या पक्षाला ४२.४ टक्के मिळाले, एप्रिलच्या आकड्याच्या दोन-चार टक्के आत-बाहेर. विरोधातला लेबर पक्ष मात्र पंचविशीवरून ४० वर. मे यांच्या जागा ३३० वरून ३१७, बहुमताला लागतात ३२६, मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपीच्या १० खासदारांचा टेकू. पुन्हा तेच: वरचा आकडा जागेवर, खालचा उसळला.

कॅम्पबेल यांचं उदाहरण चांगलं आहे, पण फरक असा की १९९३ मध्ये त्यांच्या पक्षाची मतं जायला रिफॉर्म पक्ष आणि ब्लॉक केबेक्वा असे दोन नवे पर्याय होते. २०२५ मध्ये उलट, डावीकडच्या मतांना एकच दार उघडं राहिलं.

म्हणून मी आघाडीच्या आधी ‘दुसरी पसंती’ शोधतो. अनेक संस्था विचारतात: तुमचा पक्ष नसता तर कोणाला? आणि जोडीला: तुमचं मत बदलू शकतं का? तिसऱ्या पक्षाचे बरेच मतदार मत बदलायला तयार असतील आणि त्यांची दुसरी पसंती आघाडीवरच्या नेत्याच्या विरोधकाला असेल, तर तेवढे टक्के आघाडीतून मनातल्या मनात वजा करून ठेवायचे.

‘अमुक नेता असता तर मत कोणाला’ हा प्रश्न जपून वापरायचा. अनोळखी नावाला तो अन्याय करतो आणि नव्या चेहऱ्यावर लोक आपल्याला हवं ते चिकटवतात. तरी कार्नींचं नाव घालून विचारलं की फेब्रुवारीतच अंतर आटत होतं, ते बघणाऱ्यांना एप्रिलचा निकाल अगदीच आकाशातून पडल्यासारखा वाटला नाही.

आकडेमोड:

भूगोल राहिलाच. २०२१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ३३.७ आणि लिबरल ३२.६, तरी जागा ११९ विरुद्ध १६०. कारण अल्बर्टा-सस्कॅचवान या प्रांतांत कॉन्झर्व्हेटिव्ह मतांचे ढीग लागतात आणि ढिगाला जास्तीची जागा मिळत नाही. २०२५ मध्येही अल्बर्टात ३७ पैकी ३४ त्यांच्याच. त्यामुळे तिथे राष्ट्रीय टक्क्यांत बरोबरी दिसली की लिबरल पुढे समजायचं.

आणि एक कायद्याचं. कॅनडात प्रचारकाळात चाचणी पहिल्यांदा प्रसिद्ध करणाऱ्याला ती कोणी करवली, कोणी केली, कधी, किती जणांशी बोलून, हे सोबत द्यावंच लागतं, आणि मतदानाच्या दिवशी नवी चाचणी छापता येत नाही. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत मतचाचण्या दाखवू देत नाही आणि १२६अ पहिल्या टप्प्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल बंद ठेवतं. वर्षभर आधीच्या पाहणीला यातलं काहीच लागू नाही, म्हणून नमुना आणि प्रश्न आपणच शोधायचे. संस्थेच्या संकेतस्थळावर पद्धतीचं पान नसेल तर पुढे वाचू नका.

बांधावरून:

आभार मंडळी. पॉलिएव यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगाल का?

ओटावाकर:

ऑगस्ट २०२५ मध्ये अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर-क्रोफूटच्या पोटनिवडणुकीतून सुमारे ८० टक्के मतं घेऊन संसदेत परतले. वर ज्या ढिगाबद्दल लिहिलंय, त्यातलीच ही एक जागा.