ऑइल गरम असतानाच काढा, पण...

वर एकांनी गवत कापायच्या मशीनचं (लॉन मोअर) इंजिन ऑइल थंड असताना काढायचा सल्ला दिलाय, तो मला पटत नाही. थंड ऑइल दाट असतं आणि गाळ तळाशीच राहतो. सपाट जागेवर इंजिन पाचेक मिनिटं चालवा, बंद करा, चावी काढा, प्लगची वायर सुटी करा. ऑइल कोमट हवं, हात भाजेल इतकं कडक नको. सायलेन्सर मात्र बराच वेळ तापलेला राहतो, तिकडे सांभाळून.

बसून चालवायच्या बहुतेक मशीनला ड्रेन व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइल सोडायची तोटी, असतो. त्याला नळी लावून ऑइल पसरट भांड्यात घ्या. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) आधीच काढून ठेवलीत तर धार मोकळी पडते.

ऑइल फिल्टर असेल तर तोही बदला. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघाच. दोन रबरं एकावर एक बसली की ऑइल गळणारच. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, हातानेच आवळा. पाना कशाला?

ऑइलचा ग्रेड आणि माप मॅन्युअलमध्ये बघा. सगळं एकदम ओतू नका. थोडं कमी भरा, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून जरा थांबा, मग डिपस्टिक बघून बाकीचं घाला. डिपस्टिक आटे फिरवून तपासायची की नुसती टेकवून, हे इंजिनागणिक बदलतं. जास्त भरलं तर पांढरा धूर येतो, एअर फिल्टरही ऑइलने भिजतो.

आणि काढलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर आधी कार्ब्युरेटर दाखवून घ्या.