मदत हवी आहे: पाचवा महिना, घर माळकरी, एचबी ९.४

ताईंनो, भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. मला पाचवा महिना सुरू आहे. मागच्या तपासणीत एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ९.४ निघालं. सिस्टर म्हणाल्या ११ च्या वर पाहिजे, आणि वरून "अंडी खा." आमचं घर माळकरी, अंडं उंबरठ्याच्या आत येत नाही. मलाही खायचं नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नका.

लोहाची गोळी (६० मिग्रॅची) रोज घेते. आशाताईंनी सांगितलं की ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घ्यायची नाही, वरून लिंबूपाणी प्यायचं. आता खरं सांगते, महिनाभर मी ती चहाच्या घोटासोबतच गिळत होते! आता जेवणानंतरचा चहाही बंद केलाय. फार जड गेलं.

जेवण म्हणजे दोन्ही वेळा भात-वरण, जवसाची चटणी, कधी चवळी. उन्हाळ्यात पालेभाजी फक्त बाजाराच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी ती माना टाकते. दूध एक पेला.

विचारायचं हे की:

सासूबाई वरणात लाखोळीची डाळ मिसळतात. ती रोज खाल्ली तर पायातली ताकद जाते असं लोक म्हणतात, मग या दिवसांत पूर्ण बंद करू का? आणि त्यांना दुखवल्याशिवाय कसं सांगू?

बी-१२ साठी एवढं दूध पुरतं का, की तपासणी करून गोळी मागू?

भिजवलेले हरभरे खाल्ले की पोट फुगतं. मोड आणून शिजवले तर बरं पडतं का? कुणाचं एचबी असं शाकाहारी जेवणावर वाढलं असेल तर काय खात होता, तेवढं सांगा.