कपाटाची चाबी कोणापाशी?

भाऊ, मोबाईल आला, आता शाळेत लायब्ररीवर सरकारनं पैसा कशाले घालायचा, हे तुमचं म्हणणं मले अजिबात पटलं नाही. आमच्याकडे दारव्हा तालुक्यात घरात एकच मोबाईल, तो बापाच्या खिशात, अन् बाप वावरात. पोराच्या हाती काय लागते मंग?

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, २००९ चा, त्याच्या परिशिष्टात सरळ लिहून आहे की प्रत्येक शाळेत वाचनालय पाहिजे, पेपर, मासिकं, गोष्टीची पुस्तकं सकट. समग्र शिक्षा या केंद्राच्या शाळांसाठीच्या योजनेत सरकारी शाळेले वर्षाले ५ हजार ते २० हजार लायब्ररी ग्रँटची तरतूद आहे, म्हणजे लहान प्राथमिक शाळेच्या वाट्याले ५ हजार, त्यात किती पुस्तकं येतील तुम्हीच सांगा. अन् जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पदच नसते, सगळं मास्तरच्या गळ्यात.

मी ज्या शाळेत शिकलो तिथं पुस्तकं होती ना, लोखंडी कपाटात, कुलुपात. हरवलं तर भरून द्या लागीन म्हणून कोणी काढूच देत नव्हतं, शेवटी वाळवीनं खाल्ली. मले आजही वाईट वाटते त्याचं.

म्हणून म्हणतो, नुसती खरेदी नको, ग्रँट वाढवा, पाच-सहा गावं मिळून एक ग्रंथपाल द्या अन् फाटलं-हरवलं तर मास्तरकडून वसुली नाही असं लेखी काढा. आमच्या गावात कापूस वेचायच्या दिवसात पोरं मायसंगं वावरात जातात, आठ-आठ दिवस शाळा बुडते, तवा दप्तरात एक गोष्टीचं पुस्तक असलं तर वाचणं तरी सुटत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे, तुमच्याही गावात मांडा.