जुना राऊटर वरच्या मजल्यावर कसा जोडायचा?

राजारामपुरीकर: फायबरचा राऊटर खाली, पत्ता १९२.१६८.१.१. वरच्या खोलीत रेंज येत नाही, मधे स्लॅब आहे. जुना राऊटर पडून आहे, चालेल का?

रंकाळा_काठ: चालेल की भावा. आधी जुना राऊटर रीसेट कर आणि फक्त लॅपटॉपला वायरने जोड. त्याचा लॅन (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१.२ कर, सेव्ह कर. मग नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सोय) बंद कर. चालू राहिला तर दोन्ही राऊटर पत्ते वाटत बसतात, मोबाईल वायफायला जोडलेला दिसतो पण नेट नाही. शेवटी कॅट-६ (नेटवर्कची) केबल खालच्याच्या लॅन पोर्टमधून वरच्याच्याही लॅन पोर्टमध्ये. वॅनमध्ये (बाहेरून नेट घेणाऱ्या पोर्टमध्ये) घातलीस तर वरचं नेटवर्क वेगळं पडतं, खालचा प्रिंटर वरून सापडत नाही.

राजारामपुरीकर: डीएचसीपी बंद केल्यावर सेटिंगचं पानच उघडेना.

रंकाळा_काठ: आता लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी नाही ना! हाताने १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.० टाक. काम झालं की परत ऑटोमॅटिक कर, ते विसरतात सगळे.

पेठेतला_वायरमन: वायफायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार दोन्हीकडे तोच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झला खाली चॅनल १, वर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. जुन्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर वर ९५च्या पुढे स्पीड मिळणार नाही. बिनवायरचा रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा) शक्यतो नको, एकाच बँडवर तो स्पीड साधारण निम्मा करतो.